पेव, बळद आणि पत्र्याची कोठी

वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्या पिढीने पाढ्यांइकतीच ज्वारी निवडली आहे. १९८० च्या दशकात शाळेला धान्य येई ते सुगीनंतर, गावोगावच्या उपासक-उपासिकांकडून, पालकांकडून, कुणी एक पायली तर कुणी एक पोते अशा रूपाने. माघ-फाल्गुनात भांडारखोली आढ्यापर्यंत भरलेली असे आणि आषाढ लागला की त्याच खोलीतून एक कोंदट, पिठूळ वास येऊ लागे. मग रविवारी सकाळी आम्हा मुलांना ओसरीवर रांगेत बसवून पुढ्यात सुपे दिली जात. टोके वेचायचे, पोखरलेला दाणा बाजूला काढायचा, उरलेले ऊन बघून वाळत घालायचे. पोखरलेली ज्वारीही फेकली जात नसे. तिचे पीठ होई आणि त्या पिठाची भाकरी थापताना मोडते, हे आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशींना आमच्याआधी कळे. त्या काळी यात कुणाचा दोष आहे असे आम्हाला वाटत नसे. धान्य म्हटले की कीड आलीच, अशी समजूत घराघरात होती आणि आजही पुष्कळ घरांत आहे.

ही समजूत खरी नाही, हे आम्हाला फार उशिरा आणि तेही एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराच्या संगतीत उमजले. स्मरणिकेच्या संपादकांनी लिहिण्याचा आग्रह केला, तेव्हा शाळेच्या आठवणींपेक्षा हाच विषय मांडावा असे आम्हा वर्गमित्रांचे ठरले. आठवणी लिहिणारे इतर पुष्कळ आहेत.

धान्य राखण्याची कला आपल्या भागाला नवी नाही. धाराशिव, सोलापूर, बीड या रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात पेवाची परंपरा फार जुनी. गावच्या पांढरीत किंवा कठीण मुरमात माणूस उतरेल एवढ्या तोंडाचा आणि आत पोट सुटलेल्या रांजणासारखा खड्डा खणायचा, तळाला व कडांना कडबा आणि भुसकट लावायचे, ज्वारी ओतायची, तोंडावर दगडी फरशी ठेवून माती लिंपायची. आतला दाणा श्वास घेतो, त्यातला किडाही श्वास घेतो, आणि बंद पेवातला प्राणवायू संपत जाऊन कर्बवायू साठतो. त्यात किडा मरतो आणि दाणा टिकतो. म्हणून दुष्काळाच्या साली तीन-तीन, चार-चार वर्षांपूर्वीचे पेव उघडून गाव जगल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. ज्या शास्त्राला आज हवाबंद साठवण म्हणतात, ते शास्त्र हेच.

या पेवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या घरांतून आलेली आहे. पेव असे ते मोठ्या जमीनदाराचे. ते उघडले की आधी कंदील दोरीने खाली सोडत. तो विझला तर वाट पाहायची. तो तेवत राहिला तर माणूस उतरवायचा. उतरणारा माणूस बहुधा महारवाड्यातला किंवा मांगवाड्यातला असे, आणि घाई झाली, कंदिलाकडे दुर्लक्ष झाले, तर वर येत नसे, असे आमचे आजे-पणजे सांगत. मोबदला म्हणून पदरी पडे ती बहुधा कडेची ज्वारी, ओलीने काळी पडलेली, आंबूस वासाची. आतली पांढरीशुभ्र ज्वारी वाड्यात जाई. पेवाचे गुणगान करणारे लेख वाचताना आम्हाला प्रत्येक वेळी त्या दोरीची आठवण होते. पेवातले शास्त्र खरे होते, आणि त्याची किंमत कोण मोजत होते हेही खरे होते. दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेवायला हव्यात.

मध्यम घरांत बळद असे. माळवदाच्या घराची दोन हात रुंदीची दगड-मातीची भिंत, तिला लागून बांधलेली बंद कोठडी, वरून माळवदातूनच धान्य ओतायचे आणि खाली भोकाला लाकडी खुंटी. गरिबाघरी कणगी. बुरडाने बांबूच्या किंवा शेतकऱ्याने स्वतः तुरीच्या तुराट्यांनी विणलेली, आतून-बाहेरून शेण-मातीने सारवलेली. त्याहून गरिबाघरी गाडग्यांची उतरंड. प्रत्येकामागे गावातलाच एक कारागीर होता: गवंडी, सुतार, बुरूड, कुंभार. साठवणीचे साधन मोडले तर दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर होता, ही गोष्ट आम्हाला साधनापेक्षाही महत्त्वाची वाटते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे दगड-मातीच्या ज्या भिंतींखाली गाडली गेली, त्याच भिंतींच्या पोटात बळदे होती. पुढे ५२ गावे नव्या जागी वसली आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत घरांची दुरुस्ती-मजबुतीकरण झाले. त्या कामासाठी गावोगावच्या गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण दिले गेले. गावातल्या कारागिराला नवे तंत्र शिकवले तर तो ते आत्मसात करतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्याने पाहिलेले नाही. मात्र नव्या सिमेंटच्या घरांत दोन खोल्या, ओटा आणि संडास होता, बळद नव्हते. जळकोट परिसरात तेवढा संहार झाला नाही, तरी दगडी भिंतीची भीती इथेही बसली आणि माळवदे उतरवून पत्रे चढले. धान्य पोत्यात आले. गोणपाटाच्या पोत्याला टोका, उंदीर आणि ओल तिन्ही वाटा मोकळ्या असतात. प्लॅस्टिकचे पोते त्याहून फार वेगळे नाही.

नुकसान किती होते, याचा हिशेब देशपातळीवर पूर्वीच झालेला आहे. १९६० च्या दशकात डॉ. वि. गो. पानसे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने काढणीनंतरचे अन्नधान्याचे नुकसान सुमारे ९.३ टक्के मानले होते आणि त्यातले ६.६ टक्के निव्वळ साठवणीतले होते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने २०१५ साली दिलेल्या अंदाजात तृणधान्यांचे नुकसान ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांचे ६.३६ ते ८.४१ टक्के आहे. टक्केवारी कागदावर किरकोळ दिसते. पाच माणसांच्या घराला वर्षाला सात क्विंटल ज्वारी लागते असे धरले, तर साडेसहा टक्के म्हणजे पंचेचाळीस किलो. त्या घरातल्या तीन आठवड्यांच्या भाकरी. ज्याच्याकडे सत्तर क्विंटल आहे, त्याला ते जाणवणार नाही. ज्याच्या घरी मजुरीत मिळालेली सातच क्विंटल आहे, त्याच्या घरी हे तीन आठवडे नेमके श्रावणात येतात, जेव्हा नवे पीक शेतात उभे आणि जुने संपलेले असते.

सरकारला याची जाण नव्हती असे नाही. उत्तर प्रदेशातील हापूर येथे १९५८ साली धान्य साठवणुकीचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. पुढे ‘धान्य वाचवा’ मोहीम निघाली. शेतकऱ्यांबरोबरच कोठ्या बनवणाऱ्या कारागिरांनाही शिकवण्याची कल्पना तिच्यात होती. दिल्लीच्या पुसा संस्थेने मातीच्या भिंतीत प्लॅस्टिकचा कागद घालून ‘पुसा कोठी’ तयार केली. पत्र्याच्या कोठ्यांची भारतीय मानकेही ठरली. परंतु अनुदानाची तयार कोठी तालुक्याहून टेम्पोत येते, दोन पावसाळ्यांत तिचे झाकण निखळते आणि गावात ते बसवणारे कुणी नसते, असे आम्ही अनेक घरांत पाहिले. अशा कोठ्यांत पुढे सरपण ठेवलेले असते.

मध्य अमेरिकेत यापेक्षा निराळा मार्ग चोखाळला गेला. होंडुरास देशात १९८३ साली स्वित्झर्लंडच्या साह्याने ‘पोस्टकोसेचा’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ग्वाटेमाला, निकाराग्वा, एल साल्वाडोर येथेही पोचला. तिथला शेतकरी आपल्यासारखाच कोरडवाहू, मका आणि घेवड्यावर जगणारा. त्या मंडळींनी कोठ्या वाटण्यावर भर न देता गावोगावच्या पत्रेवाल्यांना कोठी करायला शिकवली आणि ती विकण्याचा धंदा त्यांच्याच हाती ठेवला. कोठी शंभर किलोची करावी की तीन हजारांची, हे गिऱ्हाईक आणि कारागीर आपसात ठरवत. वीस वर्षांनी मदत थांबली, पण पत्रेवाले गावातच होते. अफगाणिस्तानच्या उत्तर भागातही संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने स्थानिक पत्रेवाल्यांकडूनच अशा कोठ्या करवून घेतल्या. आमच्यातला एक जण कृषी सहायक म्हणून नोकरीत होता. त्याने ही हकिकत वाचून आम्हाला सांगितली आणि म्हणाला, “आपल्या पेट्या करणारे मामा अजून आहेत की.”

पेट्या म्हणजे वसतिगृहातल्या आमच्या पत्र्याच्या पेट्या. प्रत्येकाच्या उशाशी एक, कडी-कोयंड्यासह, वर रंगाने नाव. जळकोट-नळदुर्गाच्या बाजूला सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत ज्यांच्या शेडमध्ये त्या होत असत, ते मामा आता पत्र्याचे पन्हाळे, कूलरचे सांगाडे आणि धाब्यांच्या चिमण्या करतात. पेट्या कुणी घेत नाही. आम्ही चार मुले त्यांच्याकडे शिकायला ठेवावीत आणि शाळेच्या भांडारासाठी लागणाऱ्या कोठ्या त्या मुलांच्या हातून करवून घ्याव्यात, पत्र्याचा व मामांच्या शिकवण्याचा खर्च आमच्या तुकडीने उचलावा, असे ठरले. मामांची पहिली अट होती की मुलांना रोजची मजुरी द्यायची. “फुकट शिकणारा लक्ष देत नाही आणि फुकट शिकवणारा अर्धेच शिकवतो,” असे ते म्हणाले. चौघांत एक लोहाराचा, एक बुरडाचा, एक आमच्याच वस्तीतला आणि एक ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला होता.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस पूर्ण गणिताचा निघाला, याचा आमच्यातल्या शिक्षकांना विशेष आनंद झाला. आठ फूट लांब, चार फूट रुंद जस्ती पत्रा. तो गुंडाळला की आठ फूट हा परीघ. मामांचे सूत्र तोंडपाठ होते: व्यासाची तिप्पट आणि वर सातवा हिस्सा. म्हणजे बावीस सप्तमांश, जो आम्ही फळ्यावर वर्षानुवर्षे लिहीत आलो आणि ज्याचा उपयोग काय असे विचारणाऱ्या मुलाला आजवर धड उत्तर दिले नाही. सांध्याची घडी वजा जाता व्यास अडीच फूट येतो, उंची चार फूट धरली तर सुमारे साडेएकोणीस घनफूट जागा होते आणि तीत चार क्विंटल ज्वारी मावते. कोठी गोल का, चौकोनी का नाही, हेही तिथेच समजले. चौकोनी कोठीच्या कोपऱ्यात दाणा अडकतो, तिथेच किडा वस्ती करतो, शिवाय धान्याच्या दाबाने सपाट बाजू फुगते.

कापणे सोपे. कात्री दुसऱ्याच दिवशी मुलांच्या हाती बसली. अवघड होती ती घडी. पत्र्याच्या दोन्ही कडा एकमेकींत अडकवून, लाकडी मोगरीने ठोकून, कुठेही न चिरता बसवायच्या. बुरडाच्या मुलाला हे सर्वांत आधी जमले. बांबूची कामटी किती वाकते आणि कुठे मोडते हे त्याची बोटे जाणत होती. मग डाख. नवसागर लावून, कथील वितळवून सांध्यातून ओघळू द्यायचे. फुगवटा आला की समजावे आत पोकळी आहे. तपासण्याची मामांची रीत आम्हाला फार आवडली. तयार कोठी भर उन्हात आडवी ठेवायची, मुलाने डोके तोंडातून आत घालायचे आणि वरून जाड चादर टाकायची. आतल्या अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने खूण. पहिल्या कोठीत सतरा ठिपके निघाले. चौथ्या कोठीत एकही नव्हता. त्या दिवशी मामांनी स्वतःच्या पैशाने भजी आणवली.

कोठीपाठोपाठ मुलांनी आणखी एक वस्तू केली. कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. एस. मोहन यांनी विकसित केलेला किडीचा सापळा फार साधा आहे: दोन मिलिमीटर भोकांची एक नळी आणि तिच्या तळाला निमुळता पेला. नळी धान्यात खुपसून ठेवायची. टोका धान्यात सतत फिरत असतो. तो भोकातून आत शिरतो, घसरून पेल्यात पडतो आणि वर येऊ शकत नाही. दाणा जाड असल्याने आत जात नाही. दर आठवड्याला पेला पाहिला की भांडारात कीड आली की नाही हे वास सुटण्याच्या कितीतरी आधी कळते. शाळेची मुले आता रविवारी सूप घेऊन बसत नाहीत, पेल्यातले टोके मोजून वहीत लिहितात.

हा सगळा बेत जवळजवळ फसला असता, तो एका आजींमुळे सावरला. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या त्या आजी. कोठीवर हात फिरवून त्या म्हणाल्या, “लेकरांनो, पत्र्याला घाम येतोय. कणगीला येत नव्हता. ज्वारी कडक वाळवली का?” आजींचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ओलसर धान्य पत्र्याच्या बंद कोठीत भरले तर रात्री पत्रा गार होतो, आतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि झाकणाखालचा थर बुरशीने एकमेकांना चिकटतो. कणगीची माती ती ओल शोषून घेई. म्हणून ज्वारी-गव्हात ओलावा बारा टक्क्यांच्या खाली आणि तूर-हरभऱ्यात त्याहूनही कमी हवा. आमच्याकडे ओलावा मोजण्याचे यंत्र नव्हते. आजींनी दाणा दाढेखाली धरला. कट्ट वाजला नाही, तेव्हा आणखी दोन ऊन द्यायला सांगितले. कृषी सहायक मित्राने बाटलीची परीक्षा शिकवली: कोरड्या बाटलीत धान्य आणि कोरडे मीठ घालून हलवायचे, मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले. दोन्ही परीक्षांचा निकाल एकच आला. त्यानंतर कोठ्या भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर, उन्हाचा कवडसा पडणार नाही अशा ठिकाणी ठेवल्या गेल्या, आणि आजींना आम्ही प्रशिक्षणाच्या शेवटच्या दोन दिवशी बोलावून मुलांपुढे बसवले. मामांना ते प्रथम रुचले नाही. पुढे दोघांचे चांगले जमले.

गोळ्यांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. धान्यात घालायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसालाही मारतो. ज्या इमारतीत मुले झोपतात तिथे तिचे नावही नको, असा आमचा निर्णय आहे आणि पालकांनीही घरात तोच पाळावा. कडक वाळवण, स्वच्छ कोठी आणि घट्ट झाकण यांवर आमचे दोन पावसाळे निघाले. तुरीला आजी काव लावतात. ती पद्धतही चालू आहे.

गळती कोठीपूर्वीच सुरू होते, हेही या निमित्ताने ध्यानात आले. खळ्यावर हडंब्याचा पंखा जोरात असला की भुशाबरोबर दाणा उडतो, वेग जास्त असला की दाणा फुटतो, आणि फुटलेल्या दाण्याला कीड आधी लागते. मळणी यंत्रात हात गेलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यासाठी १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदाही केला. तरी गावात वेल्डिंग करून जोडलेल्या यंत्रांना धान्य सारण्याचा लांब, झाकलेला पन्हाळा अनेकदा नसतो. तो पत्र्याचाच असतो. मामांच्या शेडमध्ये तो तासाभरात होतो. लोहाराच्या मुलाने गेल्या सुगीत असे सहा पन्हाळे बसवून दिले.

डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात, जन्मावरून धंदा ठरवल्याने माणूस एका कामातून दुसऱ्या कामात जाऊ शकत नाही आणि बेकारी वाढते, हे आर्थिक अंगाने दाखवून दिले होते. मामांच्या शेडमध्ये चार जातींची चार मुले एकच मोगरी फिरवत होती, तेव्हा त्या युक्तिवादाची आठवण होणे साहजिक होते. शासनाची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे नेमकी आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाली. तीत प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. अठरा व्यवसायांच्या त्या यादीत लोहार आहे, सुतार आहे, कुंभार आहे, टोपल्या विणणारा आहे. पत्राकाम करणारा मात्र स्वतंत्रपणे नाही. लोहाराच्या आणि बुरडाच्या मुलांनी आपापल्या नावाने अर्ज केले. उरलेल्या दोघांना कुठल्या नावाने अर्ज करावा, हे सांगणारे कुणी भेटले नाही. काम तेच, शेड तेच, आणि तरी अर्जासाठी दोघांना परंपरागत ओळख आहे व दोघांना नाही. याचा विचार ज्यांच्या हाती आहे त्यांनी करावा.

चौघांपैकी ऊसतोडीला जाणारा मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर कोयता घेऊन गेला. उचल आधीच घेतलेली होती. तो आला की पुन्हा कामाला लागेल असे मामा म्हणतात. एक पुण्याला गेला. दोघे जळकोटलाच आहेत. पत्र्याचा भाव वाढल्याने चार क्विंटलची कोठी सर्वांना परवडत नाही, म्हणून त्यांनी आठ फुटी पत्रा आडवा अर्धा कापून दोन फूट उंचीची, दोन क्विंटलची कोठी काढली आहे. मजुरीत धान्य मिळणाऱ्या घरांतून तिलाच मागणी आहे. पैसे तीन हप्त्यांत घेतात, शेवटचा हप्ता तूर निघाल्यावर.

शाळेच्या भांडारात आज सात कोठ्या आहेत. वसतिगृहाच्या वर्षाच्या धान्यासाठी आणखी निदान पाच लागतील. ज्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना कोठी द्यावयाची असेल, त्यांनी बाजारातून आणू नये. शाळेच्या कार्यालयात सांगावे, म्हणजे ती जळकोटच्या शेडमध्ये केली जाईल. माघात ज्वारी खळ्यावर येण्यापूर्वी सांगितलेले बरे, कारण डाख द्यायला हात आता दोनच आहेत.